आधी विहीर, मग कॅन: किनाऱ्यावरच्या हॉटेलात डिशवॉशरचं डिटर्जंट आणि रिन्स एड कसं निवडावं

"दादा, ग्लासांवर परत पांढरां इला. केमिकल वाढवू काय?"

मे महिन्यातल्या शनिवारी रात्री नऊच्या सुमाराला मला हा फोन हमखास येतो. फोन करणारा बहुतेक नवीन असतो. घरच्या खानावळीला जोडून चार खोल्या काढलेल्या, पर्यटक वाढलेले, भांडी घासायला माणूस मिळेना म्हणून हूडचं, म्हणजे वरचं झाकण खाली ओढून चालवायचं डिशवॉशर घेतलेलं. बसवणारा जाताना दोन कॅन ठेवून गेला, एक डिटर्जंटचा आणि एक रिन्स एडचा, म्हणजे शेवटच्या विसळण्यात जाणाऱ्या, भांडी निथळवणाऱ्या द्रव्याचा. ते संपल्यावर काय आणायचं, हे मात्र कुणी सांगितलेलं नाही. मी उलट विचारतो, "पाणी सध्या कुठल्या विहिरीचं चालू आहे?" पलीकडे शांतता. विहिरीचा आणि केमिकलचा काय संबंध, असा चेहरा मला फोनवरूनही दिसतो.

देवगडच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, कातळात खोदलेल्या विहिरीवर चालणारं स्वयंपाकघर आणि तारकर्लीकडे पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, खाडीच्या अंगाला असलेलं स्वयंपाकघर, दोन्हीकडे ग्लास पांढरे होतात. दिसायला डाग सारखेच, औषध मात्र उलटं. एकीकडे डिटर्जंट कमी करायचं असतं, दुसरीकडे बदलायचं असतं. हे मला फुकट कळलेलं नाही. पहिल्या वर्षी सड्यावरच्या एका हॉटेलात मीच मात्रा वाढवून वाढवून सहा डझन ग्लास कायमचे धुरकट केले होते. मालकीणबाईंनी एक शब्द ऐकवला नाही, पण पुढे वर्षभर मला चहा त्याच ग्लासातून दिला.

मशीन नेमकं काय करतं

घरच्या डिशवॉशरला एका फेरीला तास-दीड तास लागतो. हॉटेलच्या हूड मशीनला एक ते तीन मिनिटं. सगळा फरक इथून सुरू होतो. घरगुती गोळीत एन्झाइम असतात, त्यांना सावकाश काम करायला वेळ लागतो. दोन मिनिटांत ती गोळी धड विरघळतही नाही. हॉटेलच्या मशीनचं डिटर्जंट कॉस्टिकच्या, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जोरावर चालतं. तीव्र अल्कली, साधारण साठ अंशांचं पाणी आणि पंपाचा मारा या तिघांचं ते काम.

टाकीतलं पाणी एका रॅकमागून दुसऱ्या रॅकला तेच फिरत राहतं; रॅक म्हणजे भांडी लावायची जाळी. प्रत्येक रॅकच्या शेवटी बॉयलरमधलं ८०-८५ अंशांचं ताजं पाणी दहा-पंधरा सेकंद भांड्यांवर पडतं. ते अडीच ते चार लिटर असतं. तेवढंच जुनं पाणी टाकीतून बाहेर जातं. डिटर्जंट जातं टाकीत, रिन्स एड जातं या शेवटच्या ताज्या पाण्यात. या दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर काय होतं, ते एकदा बघितलेला माणूस जन्मात विसरत नाही. हूडच्या चारही बाजूंनी फेस बाहेर येतो.

फेसाचं निघालंच आहे तर सांगतो. हाताने भांडी घासायचं लिक्विड मशीनमध्ये कधीही घालू नका, अगदी "आजच्या दिवस" सुद्धा. फेस झाला की पंपात हवा शिरते आणि पाण्याचा मारा मरतो. मशीन आवाज करतं, भांडी मात्र खरकटीच बाहेर येतात. सिंकमध्ये त्या लिक्विडने घासलेली ताटं न विसळता रॅकमध्ये लावली, तरी तेच होतं. मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगायचं.

आता एक कागद घ्या. मशीनच्या माहितीपत्रकातून टाकी किती लिटरची आणि एका रॅकला विसळायचं पाणी किती, हे दोन आकडे लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावर चालणार आहे.

पाणी मोजा, आणि दोनदा मोजा

जांभ्या दगडातून झिरपलेलं पाणी साधारणपणे मऊ असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी, कपड्यांना साबण लावला की फेस भरपूर. घाटावर बेसॉल्टच्या खडकातलं पाणी त्यामानाने जड. आपल्याकडच्या बहुतेक केमिकलवाल्यांचं शिक्षण घाटावरच्या जड पाण्यावर झालेलं असतं, त्यामुळे त्यांचा ठोकळ डोस सड्यावरच्या पाण्याला जास्तच होतो. किनाऱ्याला, खाडीकाठी किंवा पुळणीत गोष्ट वेगळी. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत विहीर गोडी असते. मार्चनंतर उपसा वाढतो, गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालून खारं पाणी वर सरकतं. पाणी मचूळ लागायला लागतं, जडपणा आणि मीठ दोन्ही चढतात. मग टँकर येतो, आणि त्याचं पाणी कुठल्या ओढ्याचं की कुठल्या बोअरचं, ते टँकरवालाच जाणे. म्हणजे एकाच स्वयंपाकघराला वर्षात तीन वेगवेगळी पाणी मिळतात आणि कॅन मात्र एकच चालू असतो.

जडपणा मोजायला पट्ट्या मिळतात, थेंब मोजायचं किटही मिळतं. मी किट घ्या म्हणतो. ठरावीक पाणी घेऊन त्यात एकेक थेंब टाकत रंग लालसरहून निळा होईपर्यंत मोजायचं, बस. आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये येतो. ६० च्या आत असेल तर पाणी मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे फारच जड. किट हाताशी नसेल, तर बाटलीत अर्धं पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि हलवा. मऊ पाण्यात फेस टिकतो, जड पाण्यात दह्यासारखी साय येते. यासाठी साबणच घ्या, कपड्यांची पावडर जड पाण्यातही फसवते.

पाण्याचे पूर्ण आकडे हवे असतील तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत बाटली द्या. जडपणा, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड आणि लोह, एवढं तरी मागा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, जडपणा २०० पर्यंत चांगला धरतं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. पण पिण्याला चाललेलं पाणी मशीनला चालतंच असं नाही. तीनशे-चारशे जडपणाच्या पाण्याने बॉयलरच्या कॉइलवर चुन्याचा थर चढतो, पाणी ८२ अंशांपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि विजेचं बिल वाढत जातं.

मोजणी कधी करायची? एकदा गणपतीच्या आसपास आणि एकदा एप्रिलच्या शेवटी. दोन्ही आकडे मशीनच्या बाजूला भिंतीवर लिहून ठेवा.

जडपणा १८० च्या वर जात असेल तर मी सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करायचं यंत्रच सुचवतो. भारी डिटर्जंट घेऊन जडपणाशी झुंजत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पण सॉफ्टनर जडपणा काढतो, खारेपणा काढत नाही, हे ध्यानात ठेवा. मचूळ पाणी सॉफ्टनरमधून काढलं तरी मचूळच राहतं, फक्त चुना न धरणारं होतं. ग्लास सुकल्यावर त्यावर मिठाचे ठिपके येणारच. शिवाय क्लोराइड जास्त असेल तर ३०४ दर्जाच्या स्टीललाही टाचणीएवढी भोकं पडतात. अशा ठिकाणी निदान शेवटच्या विसळण्यापुरतं आरओचं पाणी जोडावं, नाहीतर त्या दोन महिन्यांपुरता पाण्याचा स्रोत बदलावा. केमिकलच्या कॅनमध्ये यावर उत्तर नाही, कुणी कितीही सांगितलं तरी.

सॉफ्टनरमध्ये घालायच्या मिठाबद्दल थोडं. आपल्याकडे मिठागरं जवळ, म्हणून खडं मीठ ओतायचा मोह होतो. मासे खारवायला ते उत्तम, पण त्यातली माती आणि गाळ सॉफ्टनरच्या आतल्या रेझिनच्या मण्यांत अडकतो. जेवणातलं बारीक मीठही नको, ते गोळा होऊन बसतं. सॉफ्टनरसाठीच्या मिठाच्या गोळ्या मिळतात, त्याच घ्या.

ताटं कसली, आणि ताटात काय

विहिरीनंतर मांडणीकडे बघा. अॅल्युमिनियमची पातेली, इडलीपात्रं, कलई केलेली पितळी भांडी, तांब्याचे तांबे यांतलं काहीच कॉस्टिकच्या डिटर्जंटखाली जाता कामा नये. अॅल्युमिनियम एका फेरीत काळं पडतं आणि खरखरीत होतं. कलई उतरते. पितळेची चमक जाते. अॅल्युमिनियमला सोसेल असं सिलिकेट घातलेलं सौम्य डिटर्जंट मिळतं, पण ते मत्स्याहारी थाळीच्या तेलापुढे जरा कमी पडतं. माझा सल्ला सरळ आहे. मशीनमध्ये स्टील, काच आणि चिनी माती लावा, आणि अॅल्युमिनियमची पातेली हाताने घासायला मोरीवर ठेवा.

मेलामाइनच्या ताटांना हळदीचा डाग धरतो आणि मशीनमधून काढल्यावर तो लालसर दिसतो. घाबरू नका. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं, तोच प्रकार. अल्कली निघून गेली की डाग परत पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा घालवायला ताटं उन्हात मांडा. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

आता खरकट्याचं. आपल्याकडच्या ताटात तीन गोष्टी मशीनला त्रास देतात. पहिली खोबऱ्याचं तेल. ते चोवीस-पंचवीस अंशांना थिजतं, म्हणून थंडीच्या सकाळी टाकी गरम व्हायच्या आधी मशीन सुरू केलं, तर तेल वितळण्याऐवजी बाजूंना मेणासारखं चिकटतं. दुसरी उकड्या तांदळाची पेज आणि भात. स्टार्चचा थर एका दिवसात दिसत नाही. रोज थोडा थोडा चढतो आणि महिन्याभराने ताट कायम मळकट वाटायला लागतं.

तिसरी गोष्ट मासे. माशाच्या हिवस वासामागे अमाइन असतात आणि ती आम्लाने बसतात. म्हणून तर घरातल्या बायका माशाच्या भांड्याला लिंबाची साल किंवा चिंचेचा कोळ लावतात. अल्कलीत हाच वास उलट मोकळा सुटतो. टाकीत माशाचं खरकटं साचलं की स्वयंपाकघरभर वास पसरतो, आणि लोक म्हणतात केमिकल खराब आलं. केमिकल ठीक असतं. काटे आणि खरकटं आधी झाडून, कोमट पाण्याच्या फवाऱ्याने उडवून, मगच ताट रॅकमध्ये लावायचं. फवारा कडकडीत गरम नको, नाहीतर अंडं आणि माशाचं प्रथिन ताटावरच शिजून बसतं. जेवणाची एक वेळ संपली की टाकीचं पाणी बदलायचं. दुपारचं पाणी रात्री चालवायचं नाही.

डिटर्जंटची निवड

इथवर आलात तर निवड आपोआप अर्धी झालेली असते. पाणी मऊ, ताटं स्टीलची आणि ग्लास बरेच असतील तर मध्यम ताकदीचं, जडपणा बांधणारी द्रव्यं बेताची असलेलं लिक्विड घ्या आणि मात्रा खालच्या टोकाला ठेवा. मऊ पाणी, जास्त कॉस्टिक आणि उष्णता एकत्र आली की काच हळूहळू झिजते. आधी सप्तरंगी झाक दिसते, मग धुकं. हे धुकं पुन्हा जात नाही. माझे सहा डझन ग्लास असेच गेले.

पाणी मध्यम ते जड असेल आणि सॉफ्टनर नसेल, तर "हार्ड वॉटर" असं लिहिलेलं डिटर्जंट घ्या. त्यात फॉस्फोनेट, पॉलिमर किंवा तत्सम द्रव्यं जास्त असतात, ती कॅल्शियमला धरून ठेवतात आणि ताटावर बसू देत नाहीत.

चहाच्या कपांचा धंदा मोठा असेल तर क्लोरीनवालं डिटर्जंट चहाचा तांबडा डाग छान काढतं. पण त्याच्या दोन अडचणी आहेत. उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या कॅनमधलं क्लोरीन मे महिन्यात भराभर उतरतं. म्हणून कॅन सावलीत ठेवा आणि महिन्याभरापेक्षा जास्त साठा करू नका. दुसरं, पाण्यात लोह असेल तर क्लोरीन ते गंजासारखं बाहेर काढतं आणि ताटांवर तपकिरी थर बसतो. लोहाचं पाणी ज्यांच्याकडे आहे त्यांनी क्लोरीन नसलेलं घ्यावं आणि कप आठवड्यातून एकदा वेगळे भिजवावेत.

पावडर की लिक्विड? कोकणात लिक्विड. पावडर घाटावर ठीक चालते. इथे जून लागला की बादलीतली पावडर दगड होते, मग मावशी ती कालथ्याने फोडून अंदाजाने टाकतात.

भाव विचारताना किलोचा विचारा. बऱ्याच कॅनांवर वीस लिटर लिहिलेलं असतं, काहींवर वीस किलो. हे लिक्विड पाण्यापेक्षा जड असतं, वीस लिटरचा कॅन पंचवीस किलोच्या आसपास भरू शकतो. दोन विक्रेत्यांचे भाव शेजारी ठेवताना हा घोळ रोज होतो.

पण किलोच्या भावानेही फसायला होतं. रॅकमागे किती पैसे पडतात ते बघा. समजा एक डिटर्जंट ८० रुपये किलो आहे आणि लिटरला ४ ग्रॅम लागतं. दुसरं १३० रुपये किलो आहे, पण लिटरला २ ग्रॅम पुरतं. रॅकमागे ३ लिटर ताजं पाणी येत असेल, तर पहिल्याचे १२ ग्रॅम, म्हणजे ९६ पैसे. दुसऱ्याचे ६ ग्रॅम, म्हणजे ७८ पैसे. महाग कॅन स्वस्त पडला. मात्र दोन ग्रॅम तुमच्या पाण्याला खरंच पुरतात का, हे विक्रेत्याने तुमच्या मशीनवर दाखवायला हवं. आठ दिवस चालवून दाखवा म्हणावं, मग चेक.

रिन्स एड

अळवाच्या पानावर पाणी टाकलं की त्याचे मोती होतात. रिन्स एड नसलं की काचेवर असंच होतं. पाण्याचे थेंब जागच्या जागी सुकतात आणि प्रत्येक थेंबातला क्षार तिथेच गोल ठिपका करून बसतो. रिन्स एडमुळे थेंब पसरतात आणि पाण्याची पातळ चादर होऊन ती सरकन निथळते. उरलेली ओल भांड्याच्या उष्णतेने उडून जाते. ताट मशीनमधून काढल्यावर मिनिटभरात स्वतःच सुकलं पाहिजे. ते फडक्याने पुसावं लागत असेल तर मशीन घेऊन काय केलं? पुसायचं फडकं दुपारपर्यंत किती स्वच्छ राहतं, तुम्हीच बघा.

निवडताना पुन्हा पाणीच विचारात घ्यायचं. जड पाण्याला आम्लाचं प्रमाण जास्त असलेलं रिन्स एड हवं, म्हणजे विसळताना चुना बसत नाही. मऊ पाण्याला सौम्य, जवळजवळ उदासीन पुरतं. मात्रा अगदी थोडी, लिटरला ०.१ ते ०.५ मिलि. सुरुवात ०.३ ने करा. तीन लिटरच्या रॅकला जेमतेम एक मिलि होतं, आणि पाच लिटरचा कॅन रोज शंभर रॅक काढूनही दोन महिन्यांच्या आसपास चालतो. पंधरा दिवसांत संपत असेल तर मात्रा जास्त आहे.

रॅक उजेडाला धरून बघा. थेंब राहिले असतील तर थोडं वाढवा. निळसर झाक, तेलकट ओघळ किंवा टाकीत फेस दिसला तर कमी करा. प्लास्टिक आणि मेलामाइन फार उष्णता धरत नाहीत, ती किती केलं तरी ओलसर निघतात. त्यांच्यासाठी मात्रा वाढवत बसू नका, ती तिरकी लावून निथळू द्या.

काही जण रिन्स एडच्या जागी व्हिनेगर ओततात. आम्ल असलं तरी व्हिनेगर पाणी पसरवत नाही, आणि मशीनच्या रबरी भागांना खातं. शिवाय रिन्स एड हे ताटावर उरणारं शेवटचं द्रव्य आहे. ते अन्नाच्या भांड्यांसाठीच बनवलेलं असावं, लेबल वाचूनच घ्या.

मात्रा लावणं: कोळंबीचा काटा वापरा

कॅनमधून केमिकल ओढणाऱ्या डोसिंग पंपाच्या स्क्रूला हात लावायच्या आधी आज किती जातंय ते मोजा. स्वयंपाकघरात मासळी तोलायचा काटा असतोच. सकाळी कॅन तोला, दिवसभर रॅक मोजा आणि रात्री परत तोला. रॅक मोजायला मावशींना खडू द्यावा, दाराच्या मागे रेघा मारतात.

समजा टाकी ३० लिटरची आहे आणि मात्रा लिटरला २ ग्रॅम ठरली. टाकी भरताना ६० ग्रॅम, नंतर दर रॅकला ६ ग्रॅम. शंभर रॅकचे ६०० आणि टाकी दोनदा भरली तर १२०, मिळून ७२० ग्रॅम. काट्यावर दीड किलो उतरलेला दिसला तर पंप दुप्पट ओढतोय. दोनशेच उतरला तर नळी चपटी झाली असेल, नाहीतर कॅनच्या तळाला टेकून बंद झाली असेल. पंपातली रबरी नळी सतत चोळली जाऊन वर्षभरात थकते, ती खर्चात धरूनच ठेवा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. डिटर्जंट वाढवलं, रिन्स एड कमी केलं आणि त्याच दिवशी टँकरचं पाणी आलं, तर कशाने फरक पडला ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

पांढऱ्या डागाची परीक्षा

आता शनिवारच्या फोनकडे. पांढरा ग्लास हातात घ्या. डागावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. डाग गेला, पण नुसत्या पाण्याने जात नसेल, तर तो चुना. पाणी जड आहे, सॉफ्टनर संपलाय किंवा डिटर्जंट जडपणाला पुरत नाही. दुसरा ग्लास साध्या, चांगल्या पाण्याने नुसता धुवा. तेवढ्यानेच डाग गेला तर ते मीठ, म्हणजे विहीर खारी झाली. दोन्हींनी काही फरक पडला नाही, ग्लास सुकल्यावर परत धुरकट झाला आणि बोटाला खरखर लागली, तर काच झिजली. तो ग्लास आता फुलं ठेवायला, आणि डिटर्जंटची मात्रा आजच कमी करायची.

ताटांवरच्या मळकट थराला वेगळी परीक्षा. जखमेला लावायचं आयोडिनचं औषध पाण्यात पातळ करून ताटावर एक थेंब टाका. थेंब निळा-काळा झाला तर स्टार्च. अशी ताटं डिटर्जंटच्या दुप्पट मात्रेच्या गरम पाण्यात, हातमोजे घालून, अर्धा तास भिजवा आणि मग मशीनमधून काढा. परीक्षेचं ताट परत धुवायला विसरू नका.

आणि माझी आवडती परीक्षा, तिला पैसे लागत नाहीत. मशीनमधून नुकत्याच निघालेल्या ओल्या ताटावर चिमूटभर हळद टाका आणि बोटाने पसरा. पिवळी राहिली तर विसळणं बरोबर. लाल झाली तर ताटावर कॉस्टिक शिल्लक आहे. पाण्याचा दाब कमी असेल, विसळायच्या फवाऱ्यांची भोकं चुन्याने बुजली असतील किंवा डिटर्जंट भरमसाट जात असेल. तुलनेसाठी विहिरीच्या साध्या पाण्यातही हळद कालवून बघा, म्हणजे पाण्यामुळे रंग बदलत नाही याची खात्री होते.

वीज गेली आणि मशीन जनरेटरवर आलं, तर आधी बॉयलरचा काटा बघा. ८२ अंश नसेल तर ताटं सुकणारही नाहीत आणि निर्जंतुकही होणार नाहीत. तेव्हा केमिकलला दोष देऊ नका.

सांभाळायच्या गोष्टी

कॉस्टिक हे कपड्यांच्या साबणासारखं वागवायचं द्रव्य नाही. कॅन बदलताना हातमोजे आणि चष्मा घालायचाच. डोळ्यात उडालं तर लगेच वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटं धुवायचं आणि तसंच दवाखान्यात न्यायचं, कॅनचं लेबल बरोबर घेऊन. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. थोडं उसनं म्हणून शेजाऱ्याला पाण्याच्या बाटलीत भरून देणं सक्त बंद. क्लोरीनचं डिटर्जंट आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की विषारी वायू सुटतो. म्हणून बॉयलर-टाकीचा चुना काढायच्या दिवशी आधी टाकी रिकामी करून धुवा, डिटर्जंटची नळी काढून ठेवा आणि मगच चुना काढायचं द्रव्य घाला. संडासचं अॅसिड त्यासाठी वापरू नका, स्टील खराब होतं.

राहिला सांडपाण्याचा मार्ग. आपल्याकडे मोरीचं पाणी माडाला, पोफळीला नाहीतर मागच्या अळवाला सोडायची रीत आहे. हाताने घासायच्या राखेला आणि साबणाला ती चालली. मशीनच्या पाण्यात कॉस्टिक सोडा आणि कधी क्लोरीनही असतं, ते मातीला आणि सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना झेपत नाही. एका घरी मशीन आलं त्याच वर्षी परसातलं अळू पिवळं पडलं आणि म्हातारीने सरळ मशीनवरच राग धरला. शेवटी मशीनची नळी वेगळी काढली, तेल अडवायचा चौकोनी सापळा बसवला आणि ते पाणी लांबच्या शोषखड्ड्यात सोडलं. खरकटं आधी उडवायच्या फवाऱ्याचं पाणी, ज्यात केमिकल नसतं, ते म्हातारीच्या अळवाकडे परत वळवलं.